वाडीची भांडी

शंभर पानांना तांदूळ किती घ्यायचा, हे खेड तालुक्यातल्या कुठल्याही वाडीत विचारलं तर उत्तर किलोत मिळतं, पण त्याला लगेच शेपूट फुटतं. आठ-दहा किलो धरा. शिमगा असेल तर वर दोन किलो, कारण मुंबईकर आलेले असतात आणि पालखी नाचवून भूक लागलेली असते. पूजेचं जेवण असेल आणि शिरा जमला असेल तर भात कमी जातो. तांदूळ जुना असेल तर फुगतो, नवा असेल तर चिकटतो. पाणी घरच्या एका पानाच्या मापाच्या शंभर पट घालायचं नाही; मोठ्या टोपातलं पाणी त्या मानानं कमी आटतं आणि भाताचा गिच्च गोळा होतो. मिठाचं आणि तिखटाचंही तसंच. त्रैराशिकाने स्वयंपाक होत नाही, हे वाडीतल्या जाणत्या माणसाला कोणत्याही शाळेत न जाता कळलेलं असतं.

कोकणातल्या बहुतेक वाड्यांची स्वतःची भांडी असतात. टोप, पराती, झारे, ओगराळी, वाढायच्या बादल्या, पाण्याची पिंपं. ती देवळाच्या खोलीत नाहीतर सहाणेजवळ कुलपात ठेवलेली असतात आणि त्यांच्या काठावर मंडळाचं नाव कोरलेलं असतं. मुंबईच्या चाकरमान्यांनी वर्गणी काढून घेतलेला टोप गावात ओळखू येतो, कारण त्यावर वाडीच्या नावापुढे ‘मुंबई’ असतं. चुलीवर चढवण्याआधी टोपाच्या बुडाला ओली माती किंवा राख फासतात, म्हणजे काजळी घासताना हात मोडत नाहीत. भात आणि आमटी बहुधा पुरुषांकडे, खोबरं खवणं, भाज्या चिरणं, वाटण काढणं बायकांकडे. घरी साखरेचा डबा कुठल्या फळीवर आहे हे ज्याला ठाऊक नसतं, तोच गृहस्थ गावजेवणाच्या दिवशी पहाटे चारला चुलवाण पेटवतो आणि दोनशे माणसांची आमटी एका हाती उतरवतो. हा विनोद प्रत्येक वाडीत होतो आणि प्रत्येक वेळी हशा मिळवतो.

त्या चुलवाणाभोवती दहा-बारा वर्षांची पोरं लाकडं पुरवत असतात. पुढच्या वर्षी त्यातला एखादा झारा धरतो. कुणी त्याला शिकवत नाही आणि तरी तो शिकतो. सामुदायिक स्वयंपाकातून पाककौशल्य आणि माणसांची ओळख असं दुहेरी पीक काढण्याचे कार्यक्रम आज जगभर चालतात, त्यांना अनुदानं मिळतात, त्यांच्यावर अभ्यास होतात. कोकणात ही गोष्ट वर्षातून तीन-चारदा, कुठल्याही अनुदानाविना होते. अडचण एकच आहे, की ती वाडीतल्यांसाठी असते. जो वाडीचा नाही, तो फार तर पंगतीत बसतो. चुलीपर्यंत तो पोहोचत नाही.

आणि लोट्याला आता वाडीचे नसलेले पुष्कळ आहेत.

मुंबई-गोवा महामार्गावर खेड सोडून चिपळूणकडे निघालं की परशुराम घाटाच्या आधी लोटे लागतं. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहत ही रत्नागिरी जिल्ह्यातली मोठी रासायनिक वसाहत. लोटे, घाणेखुंट, आवाशी, धामणदेवी ही गावं तिच्या आजूबाजूला आहेत. पाळी सुटली की महामार्गाच्या कडेला माणसांची रांग लागते आणि त्या रांगेत मराठी जितकी ऐकू येते तितकीच हिंदी, भोजपुरी, ओडिया. कंत्राटी कामावर आलेले हे तरुण भाड्याच्या खोल्यांतून चौघे-पाचजण मिळून राहतात. कुणाकडे गॅसची छोटी शेगडी, कुणाकडे विजेची. रात्रपाळी करून आलेल्याने काय शिजवायचं? डाळ, भात, बटाटा; कंटाळा आला तर पाकिटातल्या शेवया, नाक्यावरचा वडापाव. गावी आई किंवा बायको स्वयंपाक करत होती, त्यामुळे हात बसलेला नाही. आजूबाजूला जे पिकतं ते ओळखीचं नाही. आमसूल म्हणजे काय, नाचणीचं काय करायचं, हे सांगायला कोणी नाही.

पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी यांनी इथल्या वरकस जमिनी हिरव्या होतात. बाहेरून आलेल्याला ते नुसतं गवत. अर्थात रासायनिक वसाहतीच्या नाल्याकाठचा टाकळा खुडायचा नाही, हेही सांगणारं कोणी हवंच. दाभोळ खाडीतल्या मच्छीमारांनी पाण्याच्या प्रदूषणाबद्दल वर्षानुवर्षं तक्रारी केल्या आहेत. अन्न ओळखण्याच्या कौशल्यात काय खाऊ नये आणि कुठलं खाऊ नये हेही येतं. पाककृतींच्या पुस्तकात हे पान नसतं.

या तरुणांची गोष्ट खेड-चिपळूणच्या माणसाला नवी वाटू नये. त्याच्या आजोबाची गोष्ट हीच होती.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या गिरण्यांना सर्वांत जास्त माणसं पुरवली ती रत्नागिरी जिल्ह्याने. तेव्हा सिंधुदुर्ग वेगळा झालेला नव्हता. तो झाला १९८१ मध्ये. परळ, लालबाग, वरळी, करी रोड इथल्या चाळींतून गावागावाच्या खोल्या होत्या. एका खोलीत वीस-वीस माणसं. दिवसपाळीचा उठून गेला की रात्रपाळीचा त्याच जागेवर आडवा व्हायचा. बायकामुलं गावी. मग जेवण? ते खानावळीत. खानावळ म्हणजे पाटी लावलेलं हॉटेल समजू नये. चाळीतल्याच एखाद्या बाईची दहा बाय बाराची खोली. नवरा आजारी, नाहीतर कामावरून काढलेला, नाहीतर गेलेला. ती आपल्या चार माणसांबरोबर पंधरा-वीस गिरणी कामगारांचा स्वयंपाक रांधायची. कुणी तिथेच बसून जेवायचा, कुणाचा डबा गिरणीत जायचा. कोकणातल्याला भात आणि मासळीचं कालवण लागायचं, घाटावरच्याला भाकरी आणि झणझणीत भाजी; त्यामुळे खानावळीही मुलुखांप्रमाणे वाटलेल्या होत्या. बहुतेकदा जातीप्रमाणेही.

हिशेब महिन्याचा. पगार झाला की कामगार पैसे द्यायचे. तोवर वाण्याकडून माल उधार, आणि उधार घेणाऱ्याला वाणी भाव लावेल तो. हाताशी रोकड हवी तर सावकार. म्हणजे पहाटे चारला उठून रात्री अकराला टेकणारी ही बाई व्याजासाठी राबायची. कामगार संघटनांच्या दप्तरात तिचं नाव नव्हतं, कारण ती कामगार नव्हती. सरकारदरबारी ती व्यावसायिकही नव्हती. ती ‘घरीच असते’ या रकान्यातली.

प्रेमा पुरव यांनी हा रकाना खोडला. गोव्यात जन्मलेल्या, गोवामुक्तीच्या लढ्यात भाग घेतलेल्या प्रेमाताई गिरणगावात डाव्या कामगार चळवळीत काम करत होत्या. १९७५ साली त्यांनी खानावळ चालवणाऱ्या चौदा बायांना घेऊन राष्ट्रीयीकृत बँकेचा दरवाजा ठोठावला. बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ मध्ये झालं होतं आणि गरिबांना कर्ज द्यावं असं धोरण होतं. पण तारण ठेवायला दागिना नाही, सही येत नाही, धंद्याची नोंद नाही अशा बाईला कर्ज देण्याची सवय बँकेला नव्हती. कर्ज मिळालं आणि फिटलंही. त्यातून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. एकमेकींना जामीन राहणाऱ्या बायांचे गट, प्रत्येक गल्लीत त्यांची एक म्होरकी, आणि वसुलीसाठी बँकेचा माणूस न येता शेजारीणच यायची. बचत गट हा शब्द महाराष्ट्रात घरोघर पोहोचण्याच्या कितीतरी आधीचं हे काम. पुढे, २००२ साली प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली.

अन्नपूर्णाची गोष्ट सांगताना लोक कर्जाची गोष्ट सांगतात, आणि ती मोठी आहेच. पण या लेखाच्या दृष्टीने त्यातली चूल जास्त महत्त्वाची आहे. खानावळवाल्या बाया एका चाळीत राहूनही एकमेकींच्या स्पर्धक होत्या. एकीचा खातेदार दुसरीकडे गेला तर भांडण. गटात आल्यावर त्या प्रथमच धान्य कुठून स्वस्त मिळतं, वीस माणसांच्या डाळीला किती खर्च येतो, कोण पैसे बुडवतो, हे एकमेकींना सांगू लागल्या. पुढे दादरला आणि वाशीला मंडळाची केंद्रं झाली, जेवणाच्या मोठ्या ऑर्डरी आणि कँटीनची कामं आली. वीस ओळखीच्या माणसांना रोज रांधणं आणि पाचशे अनोळखी माणसांचं जेवण ठरल्या वेळी पोहोचवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्यात कोणाला तिखट चालत नाही हे लक्षात ठेवायचं असतं. दुसऱ्यात चव रोज तीच यावी लागते, माल साठवावा लागतो, दर काढावा लागतो. कोकणी खानावळवालीला घाटावरची भाजी शिकावी लागते आणि घाटावरचीला सोलकढी. मुलुखवार भिंती अशा मोडल्या, बहुधा कोणी तसं ठरवलेलंही नसताना.

मग १८ जानेवारी १९८२. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. पगार नाही म्हणजे खानावळीचे पैसे नाहीत. कित्येक बायांनी महिनोन्‌महिने उधारीवर जेवायला घातलं. वही भरत गेली, भरलेली वही कधी मिटली नाही. संप फुटला म्हणून संपला नाही, तो नुसता विरत गेला, आणि त्याबरोबर हजारो माणसं गावाकडे परतली. खेड, दापोली, चिपळूण, गुहागरच्या वाड्यावाड्यांत. मंडळाने मग बायांना नवीन कामांकडे वळवलं. प्रेमाताईंची मुलगी मेधा पुरव-सामंत यांनी १९९३ पासून पुण्यातल्या वस्त्यांमध्ये हेच काम वेगळ्या वळणाने वाढवलं.

ज्या दशकात लालबागची भोंगे देणारी गिरणी गप्प झाली, त्याच दशकात लोट्याच्या माळावर कारखाने उभे राहत होते. मुंबईहून परतलेल्याच्या मुलाला तिथे काम मिळालं. आणि आता त्याच्या पुढच्या पिढीच्या घरासमोरच्या खोलीत ओडिशाचा एक मुलगा करपलेला भात खरवडत बसलेला असतो. चाक पूर्ण फिरलं आहे, फक्त खानावळवाली बाई कमी पडते. मेस आहेत, डबे देणाऱ्या बायाही आहेत. पण डबा पोट भरतो, हात तयार करत नाही.

१९७५ हे साल तसं गमतीचं. आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून ते पाळलं गेलं. २४ फेब्रुवारीला महाराष्ट्र सरकारने महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे ‘माविम’, स्थापन केलं. २ ऑक्टोबरला देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, जिच्यामुळे गावोगाव अंगणवाडी आली. आणि त्याच साली चौदा खानावळवाल्या बँकेत गेल्या. तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पण आज लोट्यासारख्या गावात सामुदायिक स्वयंपाकाचं काही करायचं म्हटलं, तर जी सरकारी माणसं खरोखर हाताशी असतात ती याच वर्षाची लेकरं. अंगणवाडी सेविका आणि ‘माविम’च्या बचत गटाची सखी.

अंगणवाडीत स्वयंपाकाचे वर्ग भरतात, फक्त त्यांना कोणी वर्ग म्हणत नाही. २०१८ पासून दर सप्टेंबरात पोषण महिना साजरा होतो. त्या महिन्यात आया घरून पदार्थ करून आणतात, सतरंजीवर मांडतात, नाचणीच्या लाडवापुढे आणि शेवग्याच्या पाल्याच्या थालीपिठापुढे चिठ्ठी ठेवतात. फोटो निघतो, वरिष्ठांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जातो. एवढ्यावर हसणं सोपं आहे. पण घरी नेण्यासाठी मिळणाऱ्या पाकिटातलं जे पीठ पोरं थुंकून टाकतात, त्याचं धिरडं किंवा गूळ घालून लाडू केला तर खातात, हे शहाणपण एका आईकडून दुसरीकडे जातं ते याच सतरंजीवर. फोटो निघाल्यानंतरच्या अर्ध्या तासात, खरं तर.

शाळेतला स्वयंपाक त्याहून मोठा. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर शाळांतून शिजवलेलं अन्न देणं सुरू झालं. कच्चे तांदूळ घरी न्यायचे दिवस संपले. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनं, असा हिशेब आहे. तो बसवते गावातलीच एक बाई, ‘स्वयंपाकी तथा मदतनीस’ अशा भारदस्त नावाने आणि तुटपुंज्या मानधनावर. वाडीच्या चुलवाणावरच्या पुरुषाचं कौतुक चार दिवस चालतं. ही बाई वर्षातले दोनशेहून अधिक दिवस शाळेतल्या पोरांना जेवू घालते, तिच्या अदमासाचं कौतुक कधी कोणी केलेलं ऐकिवात नाही. अनेक शाळांनी परसबाग केली आहे. मुलांनी लावलेला माठ मुलांच्याच खिचडीत पडतो. त्यातली किती मुलं तो माठ स्वतः निवडतात आणि चिरतात, हा खरा प्रश्न. मुलांच्या हातात सुरी द्यायची नाही, ही आपल्या शाळांची पक्की श्रद्धा आहे.

शिकवण्याच्या बाबतीत मराठी घरांनी पुस्तकाचाही रस्ता करून पाहिला. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० साली आलं. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० ची. ‘रुचिरा’ने तोळे-शेर बाजूला ठेवून वाटी आणि चमचा ही मापं घेतली, आणि सासू-आईपासून दूर दोन खोल्यांत संसार मांडलेल्या मुलीला ती एकदम आपली वाटली. पुस्तक हे एकट्या पडलेल्या स्वयंपाकघराचं साधन आहे. ते पुष्कळ शिकवतं. उकडीचा मोदक मात्र शिकवत नाही. उकड किती मळली की पारीला चिरा जात नाहीत, बोटाला पाणी लावायचं की तेल, कळ्या पाडताना अंगठा आत ठेवायचा की बाहेर, हे दुसऱ्याच्या हाताकडे बघूनच येतं. पहिले चार फाटतात. फाटलेल्यांच्या उकडीची मीठ-जिरं घालून निवगरी होते आणि शिकणाऱ्याला ती आधी खायला मिळते, ही आपल्या अध्यापनशास्त्रातली मोठी सोय.

असं दुसऱ्याच्या हाताकडे बघत एकत्र रांधणं परदेशातही कुणाकुणाला सुचलं. कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात १९८२ च्या सुमारास, म्हणजे नेमक्या गिरणी संपाच्या काळात, एका गरीब वस्तीतल्या काही बायांनी एकत्र स्वयंपाक सुरू केला. पद्धत साधी. आधी बसून काय करायचं ते ठरवायचं, सवलतीचा माल बघून खरेदी करायची, एक दिवस सगळ्यांनी मिळून रांधायचं आणि डबे भरून घरी न्यायचे. दानधर्मातलं जेवण नको, स्वतःचं हवं, एवढाच हट्ट. क्वेबेक प्रांतात नंतर अशी कितीतरी स्वयंपाकघरं झाली आणि त्यांचा संघही झाला. लंडनमधलं उदाहरण अधिक चटका लावणारं आहे. १४ जून २०१७ च्या रात्री ग्रेनफेल टॉवर ही इमारत जळाली. ७२ माणसं गेली. वाचलेल्यांना हॉटेलांत ठेवलं. हॉटेलात खोली असते, चूल नसते. काही बायांनी जवळच्या अल-मनार मशिदीच्या केंद्रातलं स्वयंपाकघर वापरायला मागितलं, आपल्या घरच्यांसाठी ताजं जेवण करायचं म्हणून. मोरोक्को, इराक, युगांडा अशा वेगवेगळ्या मुलुखांतून आलेल्या बाया एका ओट्यापाशी आल्या. पैशांअभावी स्वयंपाकघर आठवड्यातून दोनच दिवस उघडत होतं. २०१८ मध्ये त्यांच्या पाककृतींचं पुस्तक निघालं आणि त्याच्या विक्रीतून ते जास्त दिवस चालू लागलं. स्वयंपाकघराला त्यांनी दिलेलं नाव ‘हुब्ब’, अरबीत त्याचा अर्थ प्रेम.

चूल हरवणं म्हणजे काय हे लोट्याच्या परिसराला सांगावं लागत नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूण शहरात शिरलं, तिकडे जगबुडीने खेडची बाजारपेठ बुडवली. पाणी ओसरल्यावर घराघरांतल्या स्वयंपाकघरांत गुडघाभर चिखल होता. गॅस वाहून गेलेला, पिठाचे डबे उलटे. त्या दिवसांत आजूबाजूच्या न बुडालेल्या गावांतून जेवणाची पाकिटं आली, आणि पुढे राज्यभरातून. वाडीची भांडी गावजेवणाशिवाय बाहेर निघण्याचे जे थोडे प्रसंग येतात, त्यातला हा एक. चिखल उपसायला दोन-तीन आठवडे गेले, पाकिटं कमी होत गेली. ग्रेनफेलच्या बायांनी जे मागितलं ते इथे फारसं कोणाला सुचलं नाही: मला पाकीट नको, मला चार तास ओटा द्या.

इथेच एक फरक करायला हवा. जेवू घालणं वेगळं आणि रांधायला बोलावणं वेगळं. २६ जानेवारी २०२० ला महाराष्ट्रात सुरू झालेली शिवभोजन थाळी दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात देत होती; अनेक ठिकाणी ती बचत गटांनीच चालवली. भुकेल्याला ती हवीच. पण ताट पुढे आल्यावर घेणारा आणि देणारा यांच्यामध्ये खिडकी असते. सामुदायिक स्वयंपाकात ती खिडकी नसते आणि म्हणूनच तो अवघड.

किती अवघड, ते रत्नागिरीचा इतिहास सांगतो. १९३१ साली रत्नागिरीत भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून पतितपावन मंदिर उभं राहिलं, सर्व जातींना खुलं. स्थानबद्धतेत असलेल्या सावरकरांच्या पुढाकाराने तिथे सहभोजनं झाली, पेपरांत नावं छापून आली, गावागावांत वादळं झाली. त्याआधी, १९२७ मध्ये, शेजारच्या महाडला डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं होतं. या साऱ्या लढ्यांना आता शतक होत आलं. पंगत एक झाली. टोप एक झाला का? गावजेवणात झारा कोणाच्या हाती असतो आणि कोणाच्या हाती कधीच नसतो, हे वाडीतल्या लहान मुलालाही ठाऊक असतं. शाळेतल्या स्वयंपाकी बाईच्या जातीवरून पालकांनी जेवण नाकारल्याच्या बातम्या देशाच्या कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यातून अजून येतात. एका पंगतीत बसायला तासाभराचं धैर्य पुरतं. दुसऱ्याला आपल्या आमटीत मीठ घालू द्यायला जास्त लागतं.

अशा कार्यक्रमांनी साधतं काय, हे विचारणारे संशयी लोकही हवेत. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली सामुदायिक स्वयंपाकघरांवरचे तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले. सहभागी लोकांची स्वयंपाकाची तयारी वाढते, ओळखी होतात, एकटेपणा कमी झाल्याचं ते सांगतात, असं चित्र निघालं. पण बहुतेक अभ्यास लहान होते, मुलाखतींवर आधारलेले होते, आणि तब्येतीवर मोजता येईल असा परिणाम दाखवायला पुरेसे नव्हते. म्हणजे मधुमेह हटवण्याचं औषध म्हणून ही गोष्ट विकू नये. भात करपू न देता उतरवता येणं आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाचं नाव माहीत असणं, या दोन गोष्टींची हमी मात्र बऱ्यापैकी आहे.

लोट्यात लागेल ते सामान बरंचसं आहे. दुपारनंतर रिकामी पडणारी शाळेची स्वयंपाकखोली, महिन्यातून दोनदा भेटणारे बचत गट, दापोलीच्या कृषी विद्यापीठात वर्षानुवर्षं चालणारं कोकम, फणस, नाचणी यांच्या प्रक्रियेचं काम, आणि कुलपात वर्षातले साडेतीनशे दिवस पडून असलेले टोप. रविवारी सुट्टी असलेले तरुण तर खोल्याखोल्यांतून मोबाइल बघत पडलेलेच असतात. त्यांच्याकडूनही घेण्यासारखं आहे. बिहारचा मुलगा लिट्टी करतो तेव्हा ती निखाऱ्यातच भाजतो, आणि निखाऱ्याशी खेळणाऱ्याला वाडीतल्या माणसाशी बोलायला भाषा फारशी लागत नाही. ओडिशाचा पखाळ म्हणजे रात्रीचा भात पाण्यात घालून आंबवलेला. कोकणातल्या म्हाताऱ्यांना त्यावर नाक मुरडायचं कारण नाही, त्यांच्या लहानपणी सकाळी शिळा भात आणि ताकच असायचं.

नाही ते एवढंच: त्यांना बोलावणारं माणूस, आणि परक्याला भांडी द्यायला तयार असलेला मंडळाचा सेक्रेटरी. दुसरं जास्त दुर्मीळ. भांड्यांची किल्ली ज्याच्याकडे असते तो वाडीतला सर्वांत सावध माणूस असतो, आणि त्याचीही बाजू आहे.

कारण जेवण उरकल्यावर, पत्रावळी उचलल्यावर, राख थंड झाल्यावर त्यालाच मोजदाद करायची असते. वहीत लिहिलेलं असतं: टोप चार, पराती सहा, झारे तीन, ओगराळी आठ. तो टॉर्च लावून एकेक भांडं उचलतो, काठावरचं नाव वाचतो, पुसतो, आत ठेवतो. बहुतेक वेळा एखादं ओगराळं कमी भरतं. मग घरोघर हाका जातात. ते सापडतं वाडीच्या टोकाच्या घरात. गुडघ्यांमुळे पंगतीला न आलेल्या एखाद्या आजीला कोणीतरी त्यातून आमटी पोचवलेली असते आणि ते तिच्या उशाशी झाकून ठेवलेलं असतं, अर्धं भरलेलं. तो ते तसंच राहू देतो, वहीत ओगराळी सात लिहितो आणि कुलूप लावतो.